साठ इंचाला अर्धा इंच

कुपवाड रोडला ‘हरिद्रा हाइट्स’, दुसरा मजला, दोनशे तीन.
किल्ली मिळाली त्या दिवशी पेढे वाटले.
दुसऱ्या दिवशी गणपती पेठेतून कपाट आलं
आणि त्याचं डावं दार पलंगाला अडलं.

हमाल म्हणाला, मावशी, कपाट मोठं घेतलंसा.
कपाट मी मोजून घेतलं होतं.
खोली घेतली होती चकचकीत कागदावरून :
साडेदहा फूट,
आणि शेजारी आमच्यातलं कुणीच नसलेलं
एक हसरं कुटुंब.

गळ्यातली फीत काढली.
तेवीस वर्षं तिथंच असते,
मंगळसूत्राला घासून आकडे पुसट झालेत.
साठावर खडूची खूण, पुन्हा शून्यापासून.
नऊ फूट आठ.
परत मोजलं. नऊ फूट आठ.
गिऱ्हाइकं माप देताना पोट आत ओढतात,
या भिंतींनी पोट बाहेर काढलं होतं.

ऑफिसातला पोरगा म्हणाला,
ते माप गिलाव्याच्या आधीचं, मॅडम,
थोडी घट धरायची असते.
आमचे हे मार्केट यार्डात हळद तोलतात.
घट त्यांना कळते : हळद वाळते, पोतं हलकं होतं.
“भिंत वाळून जाड हुती व्हय?”
एवढंच विचारलं त्यांनी.
पोरानं चहा मागवला.

आवटी वकिलांनी पहिल्यांदा विचारलं, कागद फाडला नाही ना?
नाही. त्यावर मी पोळपाट ठेवत होते.
मग करार उघडला, चश्मा पुसला,
चटई क्षेत्र या शब्दाखाली नखानं रेघ ओढली.
तीन टक्के इकडंतिकडं चालतं, म्हणाले,
त्याच्या पुढं पैसे परत, व्याजासकट.
रेरात जा, नाहीतर ग्राहक आयोगात.
पण चप्पल जरा दणकट घ्या.

आयोगात चौथ्या तारखेला
समोरच्या वकिलानं माझी फीत दोन बोटांत धरली,
मेलेल्या पालीसारखी.
“ही प्रमाणित आहे?”
मी गप्प.

रात्री मुल्लाणी भाभींकडून लोखंडी पट्टी आणली.
फीत शेजारी ठेवली.
ओढून ओढून लांबलेली,
साठ इंचाला अर्धा इंच.
म्हणजे तेवीस वर्षं मी खोटं मापत होते?
झोप लागेना. दीडला उठले, दिवा लावला.
मग हिशोब लागला.
ज्या फितीनं अंग मापलं
त्याच फितीनं कापड बेतलं.
चूक चुकीला फिटत गेली,
एकही ब्लाउज त्यापायी उसवावा लागला नाही.
ह्यानं मात्र एका फितीनं विकलं
आणि दुसरीनं बांधलं.

इंजिनिअर आला. भिंतीवर लाल ठिपका टेकवला.
नऊ फूट नऊ.
म्हणजे माझाही एक इंच जास्तीचा होता.
आवटी म्हणाले, राहू दे, किरकोळ आहे.
मी म्हटलं, प्रतिज्ञापत्रात दुरुस्त करा.
दहा इंच नव्हे, नऊ. एक वीत.
सगळं घर मिळून करारात चारशे दहा,
भरले तीनशे शहाऐंशी.
चोवीस फूट, बेचाळीसशे रुपयांनी :
चारशे तीन ब्लाउज
आणि वर एक फॉल-पिको.

निकालाला पुढची तारीख आहे.
वरच्या मजल्यावरून आता
रोज कुणीतरी पट्टी मागायला येतं.
चारशे एकवाल्यांचं स्वयंपाकघर चार बोटं भरलं नाही,
तर वहिनी तिथंच ओट्याला टेकून हसत सुटल्या.

नवी लोखंडी पट्टी आणली आहे, खिळ्याला असते.
जुनी फीत गळ्यातच.

खटल्याची फाईल ठेवते कपाटात,
डाव्या बाजूला, खालच्या कप्प्यात.
दार अर्धंच उघडतं.
तारखेच्या दिवशी पलंगावर आडवी होऊन
फटीतून हात घालते,
खांद्यापर्यंत.