खिशाचं झाकण

त्या देशाचं सगळं सैन्य
माझ्या माडीवर मावतं.
सहाशे बारा शर्ट, सहाशे बारा पँटी.
गठ्ठे बांधले की एका टेंपोत बसतं
आणि वर ड्रायव्हर म्हणतो, अजून जागा हाय की, मामा.

शहापुरात माझी बारा मशिनं.
आधी कॅम्पातल्या पोरांचं शिवायचो:
उसवलेली फीत, सैल झालेली कमर,
रिटायरमेंटचा सूट.
आता परदेशाची ऑर्डर.
देश एवढा लहान, की नातवानं ॲटलासवर बोट ठेवलं
आणि देश बोटाखाली गेला.
खरं पैसा म्हणाल तर जमिनीतनंच वर येतोय म्हणे.

कापड तेच पाठवतात. वाळूच्या रंगाचं,
हातात धरलं तर गार लागतं.
बटणं सोनेरी, एकेक कागदात गुंडाळलेलं.
काजं करता करता बसव्वा विचारते,
"इष्टु चंद याक? युद्धक्क?"
युद्धाला नव्हे बाई, परेडीला.

नमुन्यात छातीवर दोन खिसे.
खरं खिसे नाहीतच. नुसतं झाकण,
वर बटण, खाली सपाट कापड.
पत्रात लिहिलंय, खिशात काही ठेवलं
की छाती फुगीर दिसते, रांग बिघडते.
एवढ्या पैशाच्या देशात शिपायाला खिसा नाही,
म्हणालो, आणि कात्री चालवली.

नावं येत नाहीत. आकडे येतात, सेंटिमीटरात.
नव्वद नंबर पोट सुटलेला.
दोनशे सहाचे हात गुडघ्यापर्यंत.
पंचावन्न पोरगा असणार, अजून वाढायचाय,
त्याच्या मुडपात मी इंचभर जास्त सोडलंय.

मग चारशे सतरा.
उजवा खांदा, उतार एक पूर्णांक नऊ.
टेप उलटी करून बघितली. पाऊण इंच.
पायाखालचं मशीन थांबलं.

कडोलीचा ओमाणा.
चौथीच्या युनिफॉर्मपासून मी त्याला शिवलाय.
बापाबरोबर बटाट्याची पोती उचलून उतरलेला खांदा,
भरतीत कुणाच्या ध्यानात आला नाही.
लग्नाच्या कोटात मी आतनं कापूस भरला,
फोटोत दोन्ही सारखे.
ते आम्हा दोघांतच राहिलं.

सोळा वर्षं काढून घरी आला
तेव्हा आईनं अंगारा लावून वदवून घेतलं,
आता बंदूक नको.
"मॉलात हाय, आई. दार उघडायचं, सलाम ठोकायचा.
एसी हाय."

कमर दोन इंचानं वाढलीय. जेवण बरं असणार.
गळा अर्धा इंच आत गेलाय.
कशानं, ते मापात येत नाही.

मी पानं परत चाळली.
सहाशे बारांत त्या देशाची पोरं किती,
आणि आमच्याकडची, आमच्यासारखीकडची किती?
एकदा एक खांदा ओळखला
की सगळेच ओळखीचे वाटायला लागतात.
दोनशे सहाचे लांब हातसुद्धा
कुठंतरी बघितलेत.

शनिवारी यल्लूबाई आली, ब्लाऊज सैल करायला.
फोन येतोय की आठवड्याला, म्हणाली,
खरं बोलतोय कमी.
जेवण बरं मिळत असणार त्याला, मी म्हणालो.
"तुला रे काय ठाऊक?"
असंच. वाटलं.
मग दोरा दातात धरला.
दातात दोरा असला की पुढं बोलावं लागत नाही.

रात्री बसव्वा गेल्यावर
चारशे सतराचं डावं झाकण उसवलं.
आत खिसा लावला.
वाळूरंगी कापड उरलं नव्हतं,
म्हणून कॅम्पाच्या जुन्या शर्टाची हिरवी चिंधी.
दोन बोटं जातील एवढाच.
तपासणीत सापडला तर नग बाद,
सातशे रुपये माझे गेले.
नाही सापडला, तर त्यालाही सापडेल की नाही
कुणास ठाऊक.

बटण लावलं.
इस्त्री फिरवली, दोनदा.
छाती सपाट दिसते.