काटा

नाव नंतर. आधी वजन सांगितलं :
एक हजार चाळीस ग्राम.
मी पडल्यापडल्या हिशेब केला.
साडेतीन हजार विड्यांची तंबाखू.
माझं चार दिवसांचं काम.

पेटीवर चिकटपट्टी : बेबी ऑफ भाग्यलक्ष्मी.
बाहेर सोलापूरचा एप्रिल, त्रेचाळीस,
सिव्हिलच्या व्हरांड्यात फरशी चटका देतेय,
आणि आत माझ्या पोरीला ऊब पुरत नाही म्हणून
काचेत दिवा.
सासू डॉक्टरलाच विचारायला निघाली होती,
ह्या गावात कुणाला गार लागतं का कधी?

कातडी कशी, तर
रात्री भिजत घातलेल्या पानासारखी.
शिरा मोजून घ्याव्यात.
पान फाटलं तर मी दुसरं घेते, कात्री थांबत नाही.
इथं बोट लावायला तीन दिवस घाबरले.

वाघमोडे सिस्टर म्हणाली, कोपरापर्यंत धू.
धुतले. परत धुतले.
तेरा वर्षांची तंबाखू नखांच्या कडेला बसलीय,
ती काय साबणाचं ऐकते?
सिस्टरनं माझा हात स्वतःच्या नाकाशी नेला.
जा आत, म्हणाली, तुझाच वास आहे, ओळखेल ती.

चौथ्या दिवशी नऊशे सत्तर.
कारखान्यात काटा मारतात हे लहानपणापासून ठाऊक,
इथंही तसंच वाटलं. भांडलेच मी.
सगळ्यांची उतरतात गं, मग चढतात, ती म्हणाली,
आणि काटा रिकामा करून
शून्य आलेलं मला दाखवलं.

दर दोन तासांनी वाटीत दूध.
कधी वाटी ओली होण्यापुरतं.
ते नळीतून जाताना बघत बसायचं,
सुतासारखं, सावकाश.

मधेच पोर श्वास घ्यायची विसरे.
मशीन ओरडे,
सिस्टर तळव्याला टिचकी मारी,
पोर चिडून पुन्हा सुरू.
श्रीहरी काचेबाहेरून बघून आला.
आमच्याकडंही धागा तुटला की माग थांबतो, म्हणाला,
पण तिथं गाठ मारायला मी असतो.
एवढंच बोलला आणि नाईटला गेला.

एका दुपारी तिला माझ्या छातीवर ठेवलं,
वरून ओढणी बांधली.
बुज्जी, म्हटलं.
पुढं काही सुचलंच नाही, ना तेलुगूत, ना मराठीत.
शेजारच्या पेटीतला मुलगा त्या दिवशी नव्हता.
पेटी पुसून ठेवली होती.
कुणी विचारलं नाही. मीही नाही.

एक हजार नव्वद. अकराशे चाळीस.
एक दिवस काहीच नाही.
मग वीस.
वीस ग्रामसाठी मी कुणाच्या पाया पडले असते
हे कारखान्यातल्या कुणाला पटणार नाही.

एक्कावन्न दिवसांनी, सोळाशे वीस, घरी.

भद्रावती पेठेत आमच्या खोलीखाली चार माग.
लोक विचारतात, एवढ्या खडखडाटात लेकरू झोपतं?
झोपतं. त्यामुळं मीही झोपते.
काल रात्री दोनला लाईट गेली.
माग थांबले. सगळी पेठ थांबली.
मी ताडकन उठले, अंधारात पाय चाचपला
आणि टिचकी मारली.

अशी रडली, अशी रडली,
समोरच्या बोळातली माणसं उठली.
झोपलेल्या लेकराला कशाला छळतेस, सासू म्हणाली.
मी काही बोलले नाही.
लाईट येईपर्यंत ऐकत बसले.