हिरवा दिवा

अक्कलकोट रोड एमआयडीसी, शेड नंबर सात.
काचेखालून उजेड वर येतो
आणि टॉवेलचं कापड सरकत राहतं, न संपणारं.

यंत्र बसवलं त्या दिवशी बिराजदार सर म्हणाले,
"नरसूबाई, आता डोळ्यांना आराम.
लाल लागला की थांबवा, हिरवा असला की जाऊ द्या."

पहिले पंधरा दिवस ते उगीचच भुंकायचं.
माशी बसली, लाल.
माझ्या बांगडीची सावली, लाल.
एकदा तर नक्षीतल्या मोरालाच डाग समजलं.
शकुंतला येमूल म्हणाली, ह्याला आधी चष्मा लावा की ओ.
मग पुण्याहून पोरं आली, त्याचा कान पिळून गेली,
आणि ते शहाण्यासारखं गप्प बसायला लागलं.

त्या गप्प बसण्याची मला सवय लागली.

माझी आई विड्या वळायची.
चिरलेलं पान तिच्या बोटाला आधी कळायचं,
नजर टीव्हीवर असली तरी.
माझीही बोटं तशीच होती. असं मी समजत होते.

श्रावणातल्या एका शुक्रवारी, दुसरी पाळी,
कापडात एक बारीक रेघ गेली.
आडवा धागा सुटलेला, केसाएवढी फट.
मला दिसली.
पायाखाली थांबवायची पट्टी होती, पाय तिच्यावरच होता.
मी वर बघितलं.
हिरवा.
म्हटलं, शेहेचाळीस वर्षांचे डोळे माझे, त्याचे तीन महिन्यांचे.
रेघ पुढे गेली, गुंडाळली गेली.

बाराशे नग परत आले.
चौकशीच्या रजिस्टरात दोनच रकाने:
यंत्राला दिसलं नाही.
माणसाला दिसलं नाही.
बिराजदार सरांनी दोन्हीकडे बरोबरची खूण केली
आणि माझ्यापुढे पेन सरकवलं.
दिसलं होतं, पण स्वतःचं खरं वाटलं नाही,
याला रकाना नव्हता.
मी सही केली.

आता मी आधी कापड बघते, मनात ठरवते,
मगच दिव्याकडे.
निदान तसं ठरवलंय. मान अजून ऐकत नाही.

काल रात्री तूरडाळ निवडत होते.
ताटात खडा दिसला, काळा, चांगला ज्वारीएवढा,
आणि हात थांबला,
मान आपोआप वर गेली.
भिंतीवर काय असणार?
देव्हाऱ्यातला झिरोचा बल्ब.
तो कायमच लाल.