मसुराएवढं

नाझेली सरडा पकडते दोऱ्याच्या फासानं,
गळाच्या काठीला बांधलेला दोरा
ती पुढे सरकवते इतका हळू
की दगडफुलालाही कळू नये.
मग झटका, आणि मुठीत
चिडलेला, ऊन खाऊन गरम झालेला कातळाचा तुकडा.
शेपटीचं टोक कातरते, मसुराएवढं.
कुपीवर पेन्सिलीनं लिहिते:
दोन हजार चाळीस मीटर, दक्षिण उतार, मादी.

मादी. मादी. पुन्हा मादी.
या कड्यावर नर नाहीतच.
अंड्यांतून लेकी निघतात, लेकींच्या अंड्यांतून लेकी,
कुणाची सावलीसुद्धा न पडता.

हे ऐकून म्हेर मेंढपाळ
रोटी मोडता मोडता थांबला.
"मला सहा मुली," तो म्हणाला,
"आणि लोक मलाच औषधं सांगायचे."
मग चीजचा मोठा तुकडा त्यानं तिच्यापुढे सरकवला.

हिवाळ्यात, येरेवानला, पडद्यावर
चारच अक्षरं. काना नाही, मात्रा नाही,
हजारो ओळी.
पेशीच्या चुलीपाशी एक धागा असतो
जो फक्त आईकडून येतो; नाझेली तो उसवत बसते
एका पैशाची चूक शोधणाऱ्या कारकुनासारखी.
फरकांवर फरक चढून एक झाड होतं,
आडवं, बिनपानांचं:
इथं हिमनदी उतरली, कुळं फुटली,
इथं बर्फ वितळला, आणि दोन खोऱ्यांतले परके
एकाच उन्हातल्या दगडावर आले.
या साऱ्याजणी त्या दुपारच्या.
बाप सापडला, उत्तरेच्या जंगलातला.
आईचं माहेर मात्र कोरं.
ते जिथं असायला हवं ते डोंगर
प्रयोगशाळेच्या खिडकीतून दिसतात,
नदीपलीकडे, तारेपलीकडे.
परवान्याचे तीन अर्ज. उत्तर एकाचंही नाही.

माझ्या भाषेत म्हणतात, सरड्याची धाव कुंपणापर्यंत.
मी तिला ते मोडक्या रशियनमध्ये सांगितलं.
"कुंपण कधीचं?" तिनं विचारलं.
मला वाटलं तारेबद्दल विचारतेय, मी साल सांगितलं.
ती बराच वेळ हसत राहिली.

मे महिन्यात म्हेर शहरात आला, कोट घालून.
खिशातून काडेपेटी काढली.
आत मिठात घोळलेलं शेपटीचं टोक.
"कुठलं?"
"मेंढ्यांना विचार."
"उंची? उतार? तारीख?"
तो खिडकीबाहेर बघत राहिला.
त्याच्या आडनावात तिकडचं एक गाव आहे.

ठिकाण नसलेला नमुना म्हणजे कचरा,
हे ती दरवर्षी मुलांना शिकवते.
त्या रात्री सगळे गेल्यावर
तिनं यंत्र लावलं.

निबंध छापून आला. त्या फांदीवर
अजून प्रश्नचिन्हच आहे.
खालच्या खणात, बर्फाआड, एक काडेपेटी,
तिच्यावर पेन्सिलीनं फक्त एक शब्द,
तोही खोडलेला.
मी विचारलं नाही.