खाल्ल्या मिठाला

उणे एकतीसला मोटरसायकल सुरू होत नाही,
म्हणून शेजाऱ्याचा घोडा मागून आणला.
खोगिराला पेटी: गोळ्या, वही,
दोन पट्टे, एक बारीक दंडाचा, एक जाड.
यंत्र मात्र कोटाच्या आत, छातीशी.
नाहीतर गारठ्यानं तेही खोटं बोलतं.

लोकरीच्या गोल तंबूत शिरलं की आधी चहा.
दूध, पत्ती, आणि मीठ, मूठ सैल सोडून.
वाडगा दोन्ही हातांनी घ्यायचा.
नको म्हणायचं नाही, या माळावर तो अपमान.
वाडगा संपला की दंडाला पट्टा,
मग मी सांगणार: मीठ कमी करा.

ते हसतात. मीही हसते.

एकोणीस तंबू, एकेचाळीस दंड.
सतरा नावांखाली लाल रेघ.
त्यातले अकरा म्हणाले, मला काय झालंय?
कालच याक ओढून काढला बर्फातून.

काही झालेलं नाही, हेच तर.
लांडगा आला की कुत्री भुंकतात.
हा येतो तेव्हा तीही झोपलेली.

लुव्सान्शारव, वय सदुसष्ट.
घोड्याच्या बरगडीला कान लावून
त्याचं वय सांगणारा.
वरचा एकशे ब्याऐंशी, खालचा एकशे आठ.
'चढ आणि उतार,' तो मान डोलावतो,
'असली खिंड मी रात्रीत ओलांडलीय.'
मग स्वतःच सांगू लागतो:
बापाची जीभ एका सकाळी जड झाली ती झालीच.
भाऊ तर खोगिरावरच.
सांगताना तंबाखूची डबी उघडतो, चरबीचा तुकडा कापतो,
जणू मोजतोय दुसऱ्याच कुणाचा कळप.
त्याची बायको, त्सेरेन्खांद, काही बोलत नाही.
पळीनं चहा वर उचलते, खाली सोडते,
वर, खाली.

त्या रात्री दवाखान्याच्या खोलीत
स्वतःच्याच दंडाला पट्टा बांधला.
एकशे चोपन्न, शहाण्णव.
पुन्हा मोजला. यंत्र खरंच बोलत होतं.
रेघ मारायला लाल पेन शोधलं,
निळंच सापडलं.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
रक्त जागतं.
एकोणीस वाडग्यांना जागतं,
मी झोपले तरी.

मार्च संपताना पुन्हा गेले.
लुव्सान्शारव बाहेर, घोडी व्यायला झालेली.
चुलीवर दोन किटल्या. धाकटीच्या कडीला चिंधी.
त्सेरेन्खांदनं त्यातलाच ओतला माझ्या वाडग्यात.
कुणी सांगितलं होतं हिला?
वही तर मी कुणाला दाखवत नाही.

बेचव होता. खरंच बेचव.
वाडगा मी दोन्ही हातांनी धरून ठेवला,
संपल्यावरही.

तेवढ्यात तो आत आला, हात कोपरापर्यंत ओले,
'शिंगरू झालं' म्हणाला,
आणि सरळ थोरल्या किटलीकडे वळला.

तिनं पळी आडवी धरली.