गालातला दाणा

तासगावच्या सौद्यात अठ्ठावीस वर्षं
माझ्या जिभेवर भाव ठरला.
दाणा तोंडात टाकायचा, चावायचा नाही,
नुसता गालात धरायचा.
पाणी सुटलं की तो आपणच बोलायचा:
गोडी किती, गंधकाची धुरी किती,
शेडवर असताना अवकाळीनं कुठल्या दिवशी गाठलं.
मी मान हलवायचो
आणि भूपाल चौगुले डोळे मिटून दर चढवायचा.

या फाल्गुनात दाणा बसून राहिला. मुका.
गेला तसाच सुरकुतलेला
तळहातावर परत आला.
हमालांनी पाहिलं नाही.
चौगुल्यानं पाहिलं.

मिरजेचा दाताचा डॉक्टर, पोरगाच तो,
हातात नळी देऊन म्हणाला,
‘पाच मिनिटं, काका. गिळायचं नाही. साठेल ते यात.’
मला हसू आलं.
मार्केट यार्डात एक खांब नाही
ज्यावर मी थुंकलो नाही,
आणि आज मोजून मागतायत
तर नळीत नुसता माझा श्वास,
धुरकट.

‘किती ओढता?’
‘दोन बंडलं.’
(तीन.)
‘सुरुवातीला विडीनं पाणी सुटायचं ना तोंडाला?’
सुटायचं की!
कवठेएकंदच्या स्टॉपवर, दादू कोष्ट्याची उष्टी विडी,
ठसका कमी आणि लाळच जास्त.
‘मग झरे आटत जातात,’ म्हणाला,
आणि जीभ उचलायला लावून
आरशात जागा दाखवली,
पाणाड्यानं दाखवावी तशी.

‘चिंच आठवा.’
चिंच आठवली. कैरी आठवली.
काही नाही.
मग कुठून कोण जाणे
लग्नाच्या वर्षीची जत्रा आली,
राजाक्कानं माझ्या तोंडात कोंबलेलं भडंग,
तिच्या बोटांचं तिखट, लसूण,
आणि लोक बघतायत म्हणून तिचं ते मागं सरकणं.
नळीत अर्धा थेंब उतरला.

आता रात्री तीनला जाग येते.
जीभ टाळ्याला डिंकासारखी.
कोनाड्यात बंडल आहे, नऊ उरल्यात,
मोजत नाही, माहीत आहे एवढंच.
उशाशी राजाक्कानं ठेवलेली वाटी,
पाण्यात मूठभर बेदाणे.
अंधारात चाचपतो. फुगलेत.
द्राक्ष नाही झाले. ते होत नसतं परत.
आधी पाणी पितो,
मग एक दाणा गालात धरून
बसून राहतो.

‘काय म्हणतोय?’
राजाक्का कूस बदलते.

‘थांब जरा.’