तुलनेला तीन घरं

थंडर बे, ऑक्टोबर. आयली लेहतोनेनच्या
ओट्यावर मी कागद पसरले:
याच गल्लीत सहा महिन्यांत विकलेली तीन घरं.
चौरस फूट, न्हाणीघरं, छपराचं वय,
पाटी लागल्यापासून सौदा ठरेपर्यंतचे दिवस.

एकेचाळीस नंबर स्वस्तात गेलं, मी म्हटलं.
"जाणारच. नवरा-बायको बोलत नव्हती एकमेकांशी,
घासाघीस करणार कोण?"
अठ्ठावन्न नंबर त्र्याण्णव दिवस पडून होतं.
"कुत्रा होता तिथं. अजून वास येतो."
बासष्टला मात्र मागितल्यावर नऊ हजार जास्त.
ती गप्प.
मग म्हणाली, "तिथली फरशी टोइवोनं बसवलेली.
आमच्याकडची राहूनच गेली."

तळघरातल्या सौनाचे चार हजार मी वाढवले,
जुन्या खिडक्यांचे सहा कापले,
पेन्सिलीनं आकडा लिहून तिच्याकडे सरकवला.

चष्मा पुसून तिनं तो वाचला.
खोडरबर मागितलं.
वाढवणार, मला वाटलं; सगळेच वाढवतात.
तिनं तीन हजार कमी केले.

"बर्फ वितळला की
सौनाच्या मागच्या भिंतीतून पाणी झिरपतं.
तुझ्या कागदांत
एप्रिल नाही."